दाढ काढून आठ महिने झाले, तरी आत हाड नाही: इम्प्लांटआधीचं काम

हिरडी गुलाबी, सूज नाही, दुखत नाही, पेशंटला कधी एकदा इम्प्लांट (हाडात रोवायचा धातूचा खुंटा) आणि त्यावर दात बसतो असं झालंय. आणि सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन) उघडला की मुळांच्या खाचा जशाच्या तशा काळ्या दिसतात. खळग्याच्या भिंतीची पांढरी कडही शाबूत. दाढ काढून आठ महिने झालेत यावर विश्वास बसू नये असा स्कॅन. "डॉक्टरसाहेब, जखम तर कधीच भरली ना?" या प्रश्नाला खरं उत्तर असं की हिरडी भरली, हाड भरलं नाही.

अशा वेळी बरेचदा "आणखी तीन महिने थांबू" असा सल्ला मिळतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. बारा-सोळा आठवड्यांत जिथे हाड धरलं नाही, तिथे आत काहीतरी बसलेलं असतं. बहुतेक वेळा तो तंतूंचा चिवट गोळा असतो, आणि तो आपसूक हाड होत नाही. थांबण्याच्या काळात बाहेरची भिंत मात्र झिजत राहते.

आधी सगळं सुरळीत असेल तर काय होतं ते बघू. दात काढल्यावर खळग्यात रक्ताची गुठळी बसते. आठवड्याभरात तिच्या जागी लाल, मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेली नवी पेशीजाळी येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तळातून आणि भिंतींकडून कच्चं हाड विणलं जातं आणि सहा ते आठ आठवड्यांत खळग्याचा बराचसा भाग त्यानं भरतो. वरची हिरडीही साधारण तेवढ्याच काळात पूर्ण मिटते. कच्च्या हाडाचं पक्कं हाड व्हायला पुढे काही महिने जातात. खळग्याची पांढरी कड एक्स-रेवर पुसट होत चार-सहा महिन्यांत दिसेनाशी होते. म्हणून चौथ्या महिन्यानंतर ती ठळक असेल आणि आतला भाग काळा असेल, तर जागा बिघडली असं धरून चालावं.

हाड झिजणं ही वेगळी भानगड आहे, दोन्हींची गल्लत नको. नीट भरलेली जागासुद्धा अरुंद होते. श्रॉप आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात वर्षभरात कड्याची (दात बसतात त्या हाडाच्या उंचवट्याची) रुंदी निम्म्याच्या आसपास कमी झालेली आढळली, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच. कारण अराऊजो आणि लिंडे यांनी २००५ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवलं: गालाकडच्या पातळ भिंतीचा वरचा भाग दाताच्या आधारावरच जगतो, दात गेला की तोही जातो. मात्र अरुंद पण भरीव कडा आणि रुंद पण पोकळ खळगा यांचे इलाज वेगळे आहेत. हा लेख दुसऱ्याबद्दल.

हाड का धरत नाही? तोंडातली कारणं आधी. सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे दात काढताना तळाशी राहिलेला पू-पेशींचा गोळा. दाढ जुनी किडलेली, मुळाच्या टोकाला गाठ, आणि दाढ निघाली की क्युरेट (खरवडायचं चमच्यासारखं हत्यार) न फिरवता गॉज दाबून पेशंट घरी. दुसरं, बाहेरची भिंत आधीच गेलेली असणं किंवा फोर्सेप्सनं (दात काढायच्या चिमट्यानं) मोडणं. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा फार वेगानं वाढतात. भिंतीत खिंडार मिळालं की त्या आत उतरतात आणि जागा बळकावतात. तिसरं, मुळाचा तुकडा किंवा चांदीच्या भरावाचा कण. चौथ्याकडे कोणी लक्ष देत नाही: ड्राय सॉकेटसाठी (गुठळी निघून गेल्यानं उघडा पडलेला, दुखणारा खळगा) घातलेलं लवंगतेल-झिंक ऑक्साइडचं ड्रेसिंग किंवा ॲल्व्हॉजिल या तयार ड्रेसिंगचे तंतू. दुखणं थांबतं, पेशंट पुन्हा येत नाही आणि भरलेलं तसंच राहतं. ड्राय सॉकेट स्वतः हाड कायमचं बिघडवत नाही, उशीर करतं इतकंच. राहून गेलेलं ड्रेसिंग मात्र बिघडवतं.

खालच्या दाढेत आणखी एक प्रकार दिसतो. वर्षानुवर्षांच्या जंतुसंसर्गानं भिंत घट्ट, पांढरीशुभ्र झालेली असते आणि तिच्यातून रक्तच पाझरत नाही. रक्त नाही म्हणजे गुठळीला पुरवठा नाही. एक्स-रेवर असं पांढरं हाड बघून "हाड मस्त आहे" म्हणणारे भेटतात. इम्प्लांटला ताठ हाडापेक्षा जिवंत हाड लागतं.

आता शरीराची कारणं. मधुमेह सगळ्यांना माहीत आहे, पण मधुमेहाच्या पेशंटकडे उपाशीपोटीची साखर एवढाच कागद असतो. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, टक्क्यांत) मागवा. सातच्या आत असेल तर बिनधास्त, आठच्या वर असेल तर आधी फिजिशियन, मग सर्जरी. ही माझी रेघ आहे. कोणी थोडी इकडेतिकडे ओढतात.

खऱ्र्याबद्दल (तंबाखू, सुपारी आणि चुन्याचं घोटलेलं मिश्रण) सविस्तर बोलायला हवं, कारण नागपुरात "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर देणारा माणूस खिशात खऱ्र्याची पन्नी घेऊन बसलेला असू शकतो. त्याच्या हिशेबात खर्रा म्हणजे तंबाखू नव्हे. म्हणून प्रश्नच वेगळा विचारा: "खर्रा दिवसाला किती, आणि कोणत्या बाजूला ठेवता?" निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, चुना हिरडी भाजतो, सुपारीचे टोकदार कण टाक्यांत अडकतात आणि सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठ होत जाते. ताठ गालाचा थेट त्रास सर्जरीत होतो. मागच्या दाढेत ड्रिलसकट हँडपीस उभा राहायला वरच्या-खालच्या पुढच्या दातांत साधारण ३५ मिमी जागा लागते. लांब ड्रिल असेल तर आणखी. तोंड दोनच बोटं उघडत असेल तर ग्राफ्टचा (खळग्यात भरायच्या हाडाच्या भरावाचा) विचार करण्याआधी तोंड उघडण्याचा इलाज. शिवाय ताठ झालेली हिरडी ताणली जात नाही, मग ग्राफ्टवर झाकायला फ्लॅप (चीर देऊन उचललेला हिरडीचा पदर) येणार कुठून?

सर्जरीच्या आधी निदान एक आठवडा आणि नंतर आठ आठवडे बंद, हा बेन या संशोधकाचा सिगारेटसाठीचा जुना नियम मी खऱ्र्यालाही लावतो. "कमी केला" हे उत्तर चालत नाही. ज्याला सोडता येत नाही त्याला ब्रिज किंवा काढता येणारी कवळी सुचवणं हाच प्रामाणिकपणा.

पूर्व विदर्भातून, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडून येणाऱ्या पेशंटला सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हेही विचारावं. एएस म्हणजे वाहक असेल तर सहसा नेहमीसारखंच काम होतं. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडाचे भाग मरतात आणि जंतुसंसर्ग पटकन बसतो. रक्तविकारतज्ज्ञाचं पत्र, सकाळची वेळ, पोटात भरपूर पाणी आणि एसी बेताचा, एवढं सांभाळायचं. पाणी कमी पडणं आणि थंडी ही दोन्ही क्रायसिसला (सिकलसेलच्या तीव्र वेदनांच्या झटक्याला) आमंत्रण देतात. मे महिन्यात ४५ अंशांत बसनं आलेला पेशंट खुर्चीत बसतो तेव्हा कोरडाच असतो.

औषधांत एक फसवा प्रकार आहे. "काही गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं की काकू "नाही" म्हणतात, आणि ते खरंच असतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन वर्षातून एकदाच लागतं आणि डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी. ते "औषध" म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही. या औषधांवर असताना न भरलेला खळगा उघडणं म्हणजे जबड्याचं हाड मरण्याचा धोका. कॅन्सरसाठी मोठ्या डोसमध्ये चालू असेल तर फारच जास्त. उलट स्वतःच्या मनानं डेनोसुमॅब थांबवलं तर मणक्याचे फ्रॅक्चर होऊ शकतात. म्हणून औषध लिहिणाऱ्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय ना बंद करायचं, ना चीर द्यायची. तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालेलं असेल तर उपचाराची फाइल मागवा आणि जबड्याच्या नेमक्या त्या भागाला किती ग्रे (रेडिएशनचं माप) डोस मिळाला ते बघा. खालच्या जबड्याला ६० ग्रेच्या वर मिळाला असेल तर हे काम खाजगी खुर्चीवर करायचं नाही. नागपूरच्या मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोन्ही असलेल्या ठिकाणी पाठवा.

एक धोक्याची खूण सगळ्यांच्या आधी. ओठ किंवा हनुवटी बधिर वाटत असेल, शेजारचे दात अचानक हलत असतील, किंवा स्कॅनवर पोकळीची कड उंदरानं कुरतडल्यासारखी वेडीवाकडी असेल, तर इम्प्लांटचा विषय तिथेच थांबवा. ऑस्टिओमायलायटिस (हाडातला जंतुसंसर्ग) किंवा गाठ नाही हे सिद्ध झाल्यावरच पुढे.

तपासणीत बोटानं बाहेरची बाजू चाचपा. खड्डा लागला तर भिंत गेलेली. नंतर भूल देऊन रबर स्टॉप लावलेली एंडो फाइल (रूट कॅनालची बारीक सुई) हिरडीतून सरळ खाली घाला. हाड असेल तर दोन-तीन मिमीवर ठक्क थांबते. फाइल आठ मिमी आत गेली तर आणखी पुरावा नको. स्कॅन छोट्या क्षेत्राचा, ०.२ मिमी किंवा त्याहून बारीक व्हॉक्सेलचा (थ्रीडी चित्राच्या ठिपक्याचा) घ्यावा. सीबीसीटीवरच्या करड्या छटेचा आकडा सीटीच्या हाऊन्सफिल्ड युनिटसारखा (घनतेच्या ठरलेल्या मापासारखा) वाचू नये. मशीन बदललं की तो बदलतो. स्कॅनवर मोजायचं ते इतकंच: तळापासून खालच्या जबड्यातल्या नसेपर्यंतचं अंतर, वरच्या जबड्यात सायनसचा (दाढांवरच्या हवेच्या पोकळीचा) तळ, आणि बाहेरची भिंत किती उंचीपर्यंत शाबूत आहे.

आता प्रत्यक्ष काम. चीर कड्यावर, घट्ट हिरडीच्या पट्ट्यात, आणि पुढे-मागे एकेका दाताच्या कडेनं. उभी सोडचीर द्यायची तर पुढच्या बाजूला. खालच्या प्रीमोलरजवळ मात्र मेंटल नस (ओठ-हनुवटीला संवेदना देणारी) सांभाळून. इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. खळग्यातला तंतूंचा गोळा वरच्या हिरडीला खालून चिकटलेला असतो. दोघांमध्ये पदर नसतो. पेरिऑस्टियल एलेव्हेटरनं (हिरडी हाडावरून सोडवायच्या हत्यारानं) उचलायला गेलं की फ्लॅप मधोमध फाटतो किंवा त्याला भोक पडतं, आणि मग ग्राफ्ट झाकायला काही उरत नाही. त्या भागात एलेव्हेटर बाजूला ठेवा. १५ नंबरच्या ब्लेडनं हिरडीची जाडी २-३ मिमी राखून गोळा खालून कापून वेगळा करा, फ्लॅप उचला, गोळा खळग्यातच राहू द्या.

मग गोळा काढायचा. आधी लुकस क्युरेट, भिंतीला पाठ लावून तळाकडून वर. तंतूंवर क्युरेट दबतं आणि घसरतं. स्वच्छ हाडाला लागलं की कोरडा खरखर आवाज येतो आणि हाताला कळतं. जिथे चिवटपणा राहतो तिथे सरळ हँडपीसवर ६ किंवा ८ नंबरची गोल बर (हाड कोरणारं फिरतं टोक), कमी गती, सलाईनची धार चालू. एअरोटर (हवेवर चालणारा वेगवान हँडपीस) इथे नको: हवेचा झोत फ्लॅपखाली शिरून गाल फुगतो. वरच्या दाढेच्या तळाशी आणि नसेच्या दोन-तीन मिमीच्या आत बर न्यायचीच नाही, तिथे हाताचं क्युरेट. मुळांमधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत हमखास काहीतरी राहतं. तोंडातला आरसा आत तिरपा धरून बघा, अंदाजानं "झालं" म्हणू नका.

साफ केल्यावर भिंतीतून रक्त येतंय का बघा. ॲड्रेनलिनवाल्या भुलीमुळे ते कमी दिसतं, म्हणून सलाईननं धुऊन दोन-तीन मिनिटं थांबून ठरवा. भिंत पांढरी, कोरडीच राहिली तर बारीक गोल बरनं तीन-चार मिमीच्या अंतरानं छिद्रं पाडून आतल्या मऊ हाडापर्यंत पोचा. प्रत्येक छिद्रातून लाल थेंब वर यायला हवा. ही पायरी चुकवून वर कितीही महागडा ग्राफ्ट भरला, तरी तो सहा महिन्यांनी वाळूसारखा सुटा निघतो.

काढलेला गोळा टाकून द्यायचा नाही. १० टक्के फॉर्मेलिनच्या बाटलीत, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात, जागा आणि बाजू लिहून बायॉप्सीला. सलाईनमध्ये पाठवलेला तुकडा कुजतो आणि पॅथॉलॉजिस्टला काही वाचता येत नाही. बहुतेक रिपोर्ट "तंतुमय ऊती, जुनी सूज" असेच येतात, पण मागे राहिलेली सिस्ट (द्रवाची पिशवी) किंवा केराटोसिस्ट हा तिचा हट्टी प्रकार डोळ्यांनी ओळखता येत नाही.

ग्राफ्टच्या बाबतीत एक गोष्ट कन्सेंटच्या आधी बोलून घ्यावी: पदार्थ कुठून आला. बाजारातला बराचसा झेनोग्राफ्ट (प्राण्यापासूनचा ग्राफ्ट) गाईबैलांच्या हाडाचा असतो आणि कोलॅजन मेम्ब्रेन (ग्राफ्टवर ठेवायचा पडदा) अनेकदा डुकराच्या त्वचेची. पेशंटला हे टाके घातल्यावर कळलं तर विश्वास संपतो. सिंथेटिक टीसीपी-हायड्रॉक्सीॲपेटाइट, मानवी ॲलोग्राफ्ट (दुसऱ्या माणसाचं हाड), किंवा पेशंटच्याच मागच्या जबड्यातून खरवडलेलं हाड हे पर्याय आहेत. बॉक्सवरचा उगम वाचून सांगायला एक मिनिट लागतं.

कण ०.२५ ते १ मिमीचे. पुढच्या दाताला साधारण अर्धा सीसी, दाढेला पाऊण ते एक. पेशंटच्याच रक्तात किंवा सलाईनमध्ये भिजवून, हलक्या हातानं, कड्याच्या पातळीपर्यंत. ठासून भरलं की कणांमधली फट जाते आणि रक्तवाहिन्यांना वाट राहत नाही. चारही भिंती शाबूत आणि रक्त चांगलं असेल तर नुसता पीआरएफ (पेशंटचंच रक्त फिरवून मिळवलेली फायब्रिनची गुठळी) आणि कोलॅजन प्लगसुद्धा हाड धरू शकतो. बाहेरची भिंत गेलेली असेल तर मेम्ब्रेन हवीच, दोषाच्या कडेपलीकडे तीन मिमी जाईल अशी. पीआरएफबद्दल माझं मत थोडं कोरडं आहे: हिरडी लवकर भरते, कण एकत्र धरून ठेवायला उत्तम, पण तो ग्राफ्टची जागा घेत नाही. करायचाच तर रक्त काढल्याबरोबर, गुठळी न रोखणाऱ्या साध्या ट्यूबमध्ये, लगेच फिरवायला टाका. शौक्रून यांच्या नावानं चालणाऱ्या रूढ पद्धतीत २७०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) १२ मिनिटं. मात्र आरपीएमचा आकडा रोटरच्या त्रिज्येवर अवलंबून असतो, तेव्हा स्वतःच्या मशीनचा जी-फोर्स काढून घ्या.

झाकण्यासाठी फ्लॅपच्या आतल्या बाजूनं पेरिऑस्टियमला (हाडालगतच्या न ताणणाऱ्या आवरणाला) नव्या ब्लेडनं एकच आडवी, उथळ चीर. फ्लॅप पलीकडच्या कडेवर चार-पाच मिमी सहज चढला पाहिजे. ओढून टाका घालावा लागत असेल तर तो पाचव्या-सहाव्या दिवशी उघडणार हे नक्की. आधी आडवे मॅट्रेस टाके, मग मधले सुटे. ४-० किंवा ५-० पॉलिप्रॉपिलीन. सिल्कच्या धाग्यात घाण साचते.

नंतरची पथ्यं: पहिले २४ तास बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिननं दोनदा गुळण्या, हळूच, दोन आठवडे. पुढे चालू ठेवलं तर दात काळपट होतात. अँटिबायोटिक डॉक्टरनं लिहून दिलं तेवढेच दिवस. तर्री-पोहे, सावजी आणि स्ट्रॉ दोन आठवडे नाही. बर्फाचा गोळा चोखणंही नाही. जुनी काढता येणारी कवळी त्या जागेवर दाबत असेल तर आतून घासून मोकळी करून घ्या, नाहीतर दोन-तीन आठवडे घालूच नका. घरून बोलताना "चार दिवसांपासून मऊ मऊ कण तोंडात येतात" असं पेशंट म्हणाला तर दोन-चार कणांची काळजी नाही. चमचाभर येत असतील तर टाका सुटलाय. कोलॅजन मेम्ब्रेन उघडी पडली तर ओढून काढू नका, क्लोरहेक्सिडिन जेल लावून लक्ष ठेवा, हिरडी बहुधा वर चढते. पू आला तर मात्र ग्राफ्ट काढून, धुऊन पुन्हा सुरुवात. टाके दहा ते चौदा दिवसांनी.

त्याच वेळी इम्प्लांट टाकायचा मोह सगळ्यांना होतो, पेशंटलाही आणि डॉक्टरलाही. तळाशी तीन-चार मिमी खणखणीत जुनं हाड आहे, पू नाही आणि टॉर्क (इम्प्लांट पिळून बसवताना लागणारा जोर) ३० एनसीएमच्या वर मिळतो, तरच. त्यातही इम्प्लांटभोवती पोकळी जितकी मोठी तितका माझा कल थांबण्याकडे. नाहीतर ॲलोग्राफ्टला चार महिने, झेनोग्राफ्टला सहा, मधुमेह असेल तर आणखी एक-दोन.

पुन्हा उघडण्याआधी नवा स्कॅन. रुंदीचा हिशेब सोपा आहे: चार मिमीच्या इम्प्लांटला बाहेरून दोन, आतून एक, म्हणजे सात मिमी, शेजारच्या दातापासून दीड मिमी, नसेपासून दोन. पहिला २ मिमीचा ड्रिल ८०० ते १००० आरपीएमवर, सलाईनखाली, वरखाली हलवत. हाडाचं तापमान ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तर ते मरतं हे एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांमध्ये दाखवलं होतं, आणि घट्ट जुन्या भिंतीत तिथवर जायला वेळ लागत नाही. ड्रिल बाहेर काढल्यावर खाचेतला चिकटा बघा: लालसर, ओला चुरा असेल तर पुढे जा. पांढरे सुटे कण किंवा रबरी तंतू निघाले तर ड्रिल तिथेच थांबवा. वरच्या दोन-तीन मिमीतच कण सुटे असतील तर ते काढून खालच्या पक्क्या हाडात लांब इम्प्लांट बसतो. पूर्ण खोलीभर तेच असेल तर पुन्हा बायॉप्सी, पुन्हा रक्ततपासणी आणि पेशंटशी ब्रिजबद्दल मोकळं बोलणं. तिसऱ्यांदा त्याच खळग्यात ग्राफ्ट भरायचा असेल तर आधी दुसऱ्या सर्जनला स्कॅन दाखवून त्याचं मत घ्यावं.